हातातला गेम कन्सोल: आई-बापांनी निवडावा कसा, निजवावा कसा

घरात मूल आलं की गेम खेळणं सुटतं, आणि विचारलं तर सगळे म्हणतात वेळच मिळत नाही. वेळ मिळतो, पण अखंड मिळत नाही. दुपारी वीस मिनिटं, रात्री अर्धा तास, मधेच कुठंतरी दहा मिनिटं. यातला कुठला तुकडा कधी तुटेल हे आपल्या हातात नसतं. कुकरची शिट्टी, बाथरूममधून "मम्मीऽऽ, झालं", सासूबाईंची रात्रीची गोळी, दारात कुरिअरवाला.

म्हणून आई-बापांनी कन्सोल घेताना गेम किती झकास दिसतो हे नंतर बघावं. आधी एवढंच विचारावं: खेळता खेळता जागच्या जागी सोडून उठता येतं का? आणि परत बसल्यावर तिथूनच सुरू होतं का? टीव्हीला जोडलेल्या मोठ्या कन्सोलची अडचण अशी, की त्याला टीव्ही मोकळा लागतो, आणि आमच्याकडं संध्याकाळी सातनंतर तो मोकळा नसतो. हातातल्या कन्सोलला एक खुर्ची पुरते.

हे सगळं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागातल्या नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या घरांना धरून लिहिते आहे. मी उद्यमबागेत एका कारखान्याचे हिशेब बघते, घरी दोन मुलं आणि सासूबाई आहेत, आणि गेम अजून सोडलेले नाहीत.

पायरी १: आपला वेळ कुठं सांडतो ते बघा

चार-पाच दिवस एवढंच लक्ष ठेवा: आपण मोबाईल उगाच हातात कधी घेतो? तोच आपला गेमचा वेळ. गेमसाठी नवा वेळ काढायला जाऊ नका, तो निघत नाही.

या वेळेत दोन जाती असतात. एकीचा शेवट ठरलेला असतो: खानापूरहून बेळगावला येतानाची रेल्वे, जेवणाची सुट्टी, मुलगी क्लासमध्ये आत आणि आपण बाहेर कट्ट्यावर. इथं बॅटरी आणि पिशवीतलं वजन महत्त्वाचं. दुसरीचा शेवट कुणालाच माहीत नसतो: मुलं झोपल्यानंतरचा वेळ. तिथं पंख्याचा आवाज, स्क्रीनचा उजेड आणि झटक्यात बंद होणं महत्त्वाचं. तुमचा बहुतेक वेळ कुठल्या जातीचा आहे यावर पुढची निवड अवलंबून आहे.

हातही मोजा. निन्टेन्डोचा स्विच लाइट २७५ ग्रॅमचा, साधा स्विच सुमारे ४०० ग्रॅमचा, ओएलईडी (जास्त ठसठशीत स्क्रीनचा) स्विच ४२० च्या आसपास, स्विच २ साधारण ५३५. आसुसचा आरओजी अॅलाय ६०८ आणि वाल्व्हचा स्टीम डेक ओएलईडी ६४० ग्रॅमचा. दुकानात उभ्याउभ्या हा फरक कळत नाही. पलंगावर उताणं पडून कन्सोल तोंडावर धरलात की कळतो, आणि डुलकी लागून नाकावर पडला की पक्का लक्षात राहतो. तान्हं बाळ मांडीवर झोपलं असेल तर साध्या स्विचची एक सोय कामाची आहे. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे होतात. स्क्रीन स्टुलावर उभी करायची, एक कंट्रोलर उजव्या हातात, दुसरा बाळाच्या मानेखालून आलेल्या डाव्या हातात. बाळाला पत्ता लागत नाही. लाइटमध्ये हे कंट्रोलर पक्के बसवलेले असतात, त्यामुळं ही युक्ती चालत नाही.

पायरी २: निजणं आणि उठणं तपासा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

निन्टेन्डोचा १९८९ चा गेम बॉय बंद केला की चालू डाव गेला. आजचे कन्सोल बंद करायचेच नसतात, निजवायचे असतात. बटण दाबलं की प्रोसेसर थांबतो, स्क्रीन विझते, पण गेम ज्या क्षणी होता तो क्षण मेमरीत जिवंत राहतो. तेवढी मेमरी जागी ठेवायला थोडी बॅटरी लागत राहते. परत बटण दाबलं की उडी मारलेला गडी हवेतच असतो आणि उडी पुरी करतो.

स्विचमध्ये वरच्या कडेला डावीकडं छोटं गोल बटण आहे. एकदा दाबलं की निजला. उठवताना ते बटण दाबायचं आणि मग कुठलंही एकच बटण तीनदा. दप्तरात चुकून दाबलं जाऊन जागा होऊ नये म्हणून ही तीनदाची अट. स्टीम डेकमध्येही एक बटण, एक दाब, आणि काही सेकंदांत गेम पुन्हा समोर. आरओजी अॅलायसारख्या विंडोजवरच्या यंत्रांची कथा वेगळी. आतमध्ये लॅपटॉपचंच विंडोज असल्यामुळं निजणं-उठणं तितकं भरवशाचं नसतं. कधी उठल्यावर गेम बंद पडलेला असतो, कधी अपडेट पुढं येऊन बसतं. ताकदीला ही यंत्रं सरस आहेत, पण दहा मिनिटं मिळालेली असताना त्यातली चार विंडोजला द्यायची माझी तयारी नाही.

दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी हे करून बघाच: एखादा गेम सुरू करा, ऐन धावपळीत निजवा, चहा पिऊन या, उठवा. बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटाशी गाडी थांबते त्याच्या निम्म्या वेळात खेळ परत हातात आला पाहिजे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. निजलेल्या कन्सोलची बॅटरी पूर्ण उतरली तर सेव्ह न केलेला डाव जातो, तेव्हा दोन दिवस हात लागणार नसेल तर आधी सेव्ह करा. आणि इंटरनेटवर इतरांबरोबर चालणारा गेम निजवला की जोडणी तुटते, डाव हरतो.

पायरी ३: यंत्र निवडा

स्विच मार्च २०१७ मध्ये आला, लाइट सप्टेंबर २०१९ मध्ये, ओएलईडी ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि स्विच २ जून २०२५ मध्ये. घरात मुलं असतील आणि कधी रविवारी सगळ्यांनी मिळून टीव्हीवर खेळायचं असेल तर साधा किंवा ओएलईडी स्विच घ्या. लाइट टीव्हीला जोडता येत नाही. बॅटरीत पण फरक आहे: पहिल्या स्विचला कंपनी अडीच ते साडेसहा तास सांगते, २०१९ नंतरच्या सुधारित स्विचला आणि ओएलईडीला साडेचार ते नऊ, लाइटला तीन ते सात, स्विच २ ला दोन ते साडेसहा. म्हणजे सगळ्यात नवं यंत्र सगळ्यात जास्त वेळ चालतं असं काही नाही. सेकंडहँड घेताना म्हणूनच विचारा, पहिला की सुधारित?

स्टीम डेक त्याच्यासाठी, ज्यानं कॉलेजात असताना स्टीमवरून, म्हणजे वाल्व्हच्या ऑनलाइन दुकानातून, कॉम्प्युटरवर गेम घेऊन ठेवलेत आणि आता त्या टेबलापाशी बसायला मिळत नाही. २०२२ मध्ये आला, ओएलईडी स्क्रीनचा नोव्हेंबर २०२३ मध्ये. जुन्या खात्यातले बरेचसे गेम त्यावर चालतात, आणि स्टीमवर बऱ्याच गेमसमोर तो डेकवर नीट चालतो की नाही याची खूण असते. गेमच्या किमती रुपयांत, पैसे यूपीआयनं. जूनअखेरच्या आणि डिसेंबरअखेरच्या सेलला थांबलात तर खर्च बराच कमी होतो. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मिळतात. आई-बापांचे दोन तास १४ दिवसांत भरत नाहीत हा भाग वेगळा, त्यामुळं तारीख तेवढी बघत राहा.

घरात प्लेस्टेशन ५ आधीच असेल आणि भांडण फक्त टीव्हीवरून असेल, तर प्लेस्टेशन पोर्टल बघा. भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये १८,९९० रुपयांना आलं. ते स्वतः गेम चालवत नाही, खोलीतला पीएस ५ चालवतो आणि चित्र वायफायवरून हातात येतं. सासूबाई हॉलमध्ये मालिका बघताहेत, तुम्ही आतल्या खोलीत. वायफाय त्या खोलीपर्यंत तगडं पोचत असेल तरच घ्या. जुन्या दगडी भिंतींच्या घरात आधी मोबाईलवर तपासा. प्रवासासाठी याच्यावर विसंबू नका.

आरओजी अॅलाय जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. अधिकृत बिल, अधिकृत वॉरंटी, ही त्याची मोठी जमेची बाजू. घरात कॉम्प्युटरची कामं करणारं, विंडोजशी झगडायला न कंटाळणारं माणूस असेल तर चालेल.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे आहे तो मोबाईल आणि त्याला दोन्ही बाजूंनी बसणारा कंट्रोलर. पैसे घालण्याआधी महिनाभर हे करून बघायला हरकत नाही. अडचण एकच, मोबाईलवर ऑफिसही असतं आणि शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुपही. पाचव्या मिनिटाला "उद्या तक्ता आणायचा आहे" असा मेसेज येतो आणि आपण गेममधून उठून कार्डशीट शोधायला लागतो.

"पाच हजार गेम भरलेला" म्हणून मिळणारा छोटा चिनी कन्सोल मात्र घेऊ नका. ते गेम बहुतेक चोरीच्या प्रतीच असतात.

पायरी ४: आपल्याकडं विकत घेताना

निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही, स्टीम डेकचीही नाही. म्हणजे बेळगावात, कोल्हापुरात, हुबळीत किंवा बेंगळुरूत मिळणारा स्विच बाहेरून आणलेला असतो. वॉरंटी असते ती दुकानदाराच्या शब्दाची. म्हणून दुकानदार जवळचा बघा, आणि बिलावर वॉरंटीचे महिने, काय दुरुस्त करून देणार, हे लिहून घ्या. "हाय की वैनी, काळजी करू नका" हे बिलावर छापलेलं नसतं.

आखातात किंवा परदेशात भाऊ, दीर असेल तर त्याच्याकडून आणवणं सोपं. त्याला नीट सांगा: स्विच २ जपानहून आणू नकोस. तिथं फक्त जपानी भाषेचा आणि जपानी खात्यापुरता चालणारा एक स्वस्त प्रकार विकला जातो, स्वस्त दिसला म्हणून तोच उचलला जातो. स्विचच्या गेम कार्डांना मात्र सहसा देशाचं बंधन नाही, एका देशातलं कार्ड दुसऱ्या देशातल्या स्विचमध्ये चालतं. चार्जरची पिन परदेशी असली तरी व्होल्टेज १०० ते २४० चालतं, पन्नास-शंभर रुपयांचा अडॅप्टर पुरे.

सेकंडहँड घेताना घाई करू नका, यादी हातात ठेवा. सेटिंगमध्ये स्टिक (अंगठ्यानं फिरवायची दांडी) कॅलिब्रेट करायची, म्हणजे जुळवून घ्यायची, जागा असते, तिथं जा. स्टिकला हात न लावता पडद्यावरचा ठिपका बघा. तो मधोमध स्थिर राहिला पाहिजे. आपोआप एका बाजूला सरकत असेल तर ती स्टिक गेलेली आहे. स्विचच्या कंट्रोलरचं हे जुनं दुखणं आहे, किंमत पाडून घ्या किंवा सोडून द्या. मग दुकानदाराच्याच वायफायला जोडून निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान उघडा. छेडछाड केलेल्या यंत्रांना कंपनी इंटरनेटवर बंदी घालते, आणि तशी यंत्रं स्वस्तात फिरत असतात. गेम कार्ड घालून-काढून बघा. चार्जिंगची पिन हलवून बघा. आधीच्या मालकाचं खातं समोर काढून टाकायला सांगा.

गेम कार्डावर घ्यावेत की डाउनलोड? स्विचसाठी माझं मत कार्डाच्या बाजूनं. निन्टेन्डोचं भारतासाठी ऑनलाइन दुकान नाही, दुसऱ्या देशाचं खातं आणि गिफ्ट कार्ड अशी कसरत करावी लागते. कार्ड खेळून झालं की विकता येतं, शेजारणीशी बदलता येतं. स्विच २ चं कार्ड घेताना डब्यावर नीट वाचा. काही कार्डांत गेम नसतोच, फक्त किल्ली असते, गेम इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो.

पायरी ५: पहिली रात्र

डबा उघडला त्याच रात्री खेळायचं मनात आणू नका. नवा कन्सोल आधी अपडेट मागतो, मग गेम अपडेट मागतो. वाढदिवसाला मुलांसमोर फोडणार असाल तर आदल्या रात्री गुपचूप उघडून, वायफायला आणि चार्जरला लावून, सगळं उतरवून परत डब्यात ठेवा.

प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा. स्विचमध्ये प्रत्येक प्रोफाइलचा सेव्ह वेगळा राहतो. हे केलं नाही तर तुम्ही गेममध्ये महिनाभर वाढवलेलं शेत धाकटा एका दुपारी विकून टाकतो. सेव्हची इंटरनेटवरची प्रत स्टीमवर बऱ्याच गेमना फुकट मिळते, निन्टेन्डोकडं वर्गणी लागते. क्रेडिट कार्डाचा नंबर कन्सोलमध्ये साठवून ठेवू नका आणि खरेदीला पिन लावा.

आपोआप निजण्याची वेळ तीन किंवा पाच मिनिटांवर आणा, कारण दारावरची बेल वाजली की आपण कन्सोल तसाच टाकून पळतो. स्टीम डेकवर उजवीकडच्या तीन ठिपक्यांच्या बटणातून फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ३० किंवा ४० वर बांधा, बॅटरी चांगलीच वाढते. रेल्वेत खेळायचा गेम घरी इंटरनेट असताना एकदा उघडून बघा. काही गेम पहिल्या वेळी नेट मागतात, आणि खानापूरच्या पुढं लोंढ्याकडं जंगलात रेंज कुठली.

पायरी ६: गेम पारखा

गेम घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. सेव्ह कुठं होतो? मधेच थांबवता येतो का? आणि पाच दिवसांनी उघडला तर काय चाललं होतं ते आठवेल का?

पहिल्या प्रश्नाचं चांगलं उदाहरण स्टारड्यू व्हॅली. शेतीचा शांत गेम, आपल्याकडच्या माणसाला लगेच कळतो. पण त्यातला एक दिवस खऱ्या घड्याळाची सुमारे चौदा मिनिटं चालतो आणि सेव्ह होतो तो रात्री अंथरुणात शिरल्यावरच. मोठ्या कॉम्प्युटरवर हे डोकेदुखी, निजवता येणाऱ्या कन्सोलवर काहीच अडचण नाही. तोच गेम, यंत्र बदललं की आई-बापांना जमायला लागतो.

पाळीपाळीनं चालणारे गेम सगळ्यात सोयीचे. इन्टू द ब्रीचमध्ये तुम्ही चाल करेपर्यंत शत्रू थांबलेला असतो. पोळी उलटून या, तो तिथंच असतो. स्ले द स्पायर हा पत्त्यांचा गेम प्रत्येक लढाईच्या आधी सेव्ह होतो. हेड्समध्ये एकेक खोली संपवत जायचं. मारिओ कार्टची एक शर्यत तीन-चार मिनिटांत संपते, म्हणून मुलांना "अजून एकच" म्हणायला सोपी. टेट्रिस तर आहेच.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला राजी: अॅन एन्शन्ट एपिक २०२० मध्ये आधी स्विचवरच आला. भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, देवळं, भिंतींवरची चित्रं, दुर्गा, विष्णू. काही तासांत संपतो, आणि संपणारा गेम ही आई-बापांसाठी मोठी गोष्ट आहे. आमच्या घरी सासूबाईंनी शेजारी बसून बघितलेला हा एकच गेम.

लांबलचक कथेचे, शंभर तासांचे गेम वर्ज्य नाहीत, पण तिसऱ्या प्रश्नावर अडतात. त्यासाठी निजवण्याआधी मोबाईलवर एक ओळ टिपून ठेवा: "डोंगरावरच्या म्हाताऱ्याला तलवार द्यायची." रोज हजेरी लावा म्हणजे बक्षीस देतो म्हणणारे गेम मात्र घेऊच नका. आपल्याला एक नोकरी पुरे आहे.

पायरी ७: घरच्यांना सांगून खेळा

"काय करालीस गं त्यात?" हा प्रश्न येणार. त्यामागं बहुतेक वेळा भीती पैशाची असते, कारण गेम म्हटलं की आपल्याकडं मोबाईलवरची रमी आणि त्यात बुडालेला कुणीतरी ओळखीचा आठवतो. नीट सांगा, की पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आणली आहे, आणि हे तसलं काही नाही. इथं गेमचे पैसे एकदा दिले की झाले. एकदा हातात देऊन शर्यत खेळायला लावा. समजावण्यापेक्षा ते लवकर पटतं.

नवरा-बायकोत एक खेळत असताना दुसऱ्यानं भांडी घासायची असं होऊ देऊ नका. एकाला जेवढा वेळ, तेवढाच दुसऱ्याला. त्यात त्यानं गेम खेळावा, झोपावं की गच्चीवर जाऊन बसावं, त्याची मर्जी.

मुलांचं गणित वेगळं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सची शिफारस अशी, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नको, दोन ते पाचच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहाच्या मुलांना दोन तासांच्या आत. यात टीव्ही आणि मोबाईलही धरा. स्विचसाठी पालकांचं वेगळं मोबाईल अॅप आहे, त्यात रोजची मर्यादा लावता येते. वेळ संपली की नुसती सूचना द्यायची की गेम तिथंच थांबवायचा, हे आपण ठरवायचं. लहान मुलांसाठी सूचनाच ठेवा आणि "दहा मिनिटं राहिली" ऐवजी "अजून एक शर्यत" असं सांगा. ते त्यांना मोजता येतं.

तोंडात सगळं घालणारं पोर घरात असेल तर स्विचच्या गेम कार्डांना कडू द्रव्याचा लेप दिलेला असतो. चाटलं की थुंकतं. तरी कार्डं डबीतच ठेवा, लेप कडू आहे, कार्ड गिळायला लहानच आहे.

पायरी ८: पावसाळा

स्विचसाठी निन्टेन्डोनं हवेतला ओलावा २० ते ८० टक्के आणि तापमान ५ ते ३५ अंश सांगितलं आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडं, आणि खानापूर भागात तर जास्तच, ओलावा त्याच्या वर जातो. कपाटात गाद्या-रजयांबरोबर कोंबून ठेवू नका. चेनच्या पाऊचमध्ये बुटांच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या घाला आणि त्या महिन्याभरानं बदला. पावसातून बसनं घरी आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, पिनेची जागा आधी कोरडी होऊ द्या. विजा कडाडत असतील तर चार्जर काढून ठेवा. लाईट जाण्याचीच काळजी असेल तर हातातल्या कन्सोलला तसं भ्यायचं कारण नाही, तो बॅटरीवर चालतो. वायफायचा राउटर तेवढा इन्व्हर्टरवर घ्या.

दहावीचं वर्ष, घरात आजारपण, मार्चअखेरचे हिशेब, अशा काळात कन्सोल महिनोन्महिने हातात येत नाही. तेव्हा निजवून ठेवू नका. सेव्ह करा, पूर्ण बंद करा, अर्धा चार्ज ठेवून पाऊचमध्ये टाका आणि मोबाईलवर आठवण लावा. सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करा असं निन्टेन्डोच सांगते, नाहीतर बॅटरी पुन्हा चार्ज घेईनाशी होऊ शकते. तोवर खेळून झालेली कार्डं विकून टाका. जुनी झाली की भाव पडतो.